गंजलेला बोल्ट आणि अति घाई

(मंडळाच्या शरद ऋतूतील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर, अंकासाठी थोडा संपादित करून.)



सर्वप्रथम मंडळाच्या अध्यक्षांचे आणि कार्यकारिणीचे आभार. माझ्या आधीच्या वक्त्या नाट्यसंगीतावर इतक्या सुंदर बोलल्या, आणि त्यांच्यानंतर मी उभा राहतोय तो नट-बोल्टवर बोलायला! पंचपक्वान्नांच्या ताटात कुणीतरी पाना-पकड आणून ठेवावी, तसं काहीसं हे झालंय. पण आपण राहतो डेट्रॉइटच्या परिसरात. या सभागृहातल्या निम्म्या लोकांचं पोट गाड्यांवर चालतं. तेव्हा तुम्ही मला सांभाळून घ्याल अशी खात्री आहे.

विषय असा आहे. मोटरसायकलला संरक्षक भाग बसवायचे असतात, म्हणजे इंजिन गार्ड, खालची स्किड प्लेट, बाजूचे स्लायडर वगैरे. ते बसवायला गेलं की जुने बोल्ट गंजलेले निघतात. मग काय करायचं? आता तुम्ही म्हणाल, याचा आमच्याशी काय संबंध? आम्ही तर मिनीव्हॅन चालवतो. संबंध आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी कॉलेजात असताना लूना, चेतक, राजदूत किंवा येझदी चालवली. आता आपली मुलं वीस-बावीस वर्षांची झाली आणि त्यांना मोटरसायकल हवी आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत मला निदान सात-आठ घरांतून फोन आले, "काका, बोल्ट निघत नाहीये, काय करू?" त्यातले दोन फोन मुलींचे होते, हेही मुद्दाम सांगतो.

आणि गंमत बघा. यातल्या काही गाड्या आपल्याच गावच्या असतात. के.टी.एम.ची ३९० ड्यूक आणि ट्रायम्फची स्पीड ४०० या गाड्या पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात बनतात आणि इथे अमेरिकेत विकल्या जातात. नाव ऑस्ट्रियाचं किंवा इंग्लंडचं, पण माहेर चाकण!

गार्ड काय वाचवतो आणि काय वाचवत नाही

बोल्टकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुष्कळ आई-वडिलांचा इथे गैरसमज असतो. मुलाने गाडी घेतली, आपण म्हणतो, "घे बाबा, पण चांगला जाडजूड गार्ड लावून घे." लोखंडाचा जाड पाइप बघून आपल्याला बरं वाटतं.

१९८१ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांचा मोटरसायकल अपघातांवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. लॉस एंजेलिस भागातल्या ९०० हून अधिक अपघातांचा त्यांनी जागेवर जाऊन अभ्यास केला होता. त्यात क्रॅश बारबद्दल निष्कर्ष असा निघाला की माणसाला होणाऱ्या इजा कमी करण्यासाठी त्याचा फारसा उपयोग होत नाही. पाऊल आणि घोटा थोडा वाचतो, पण गुडघा, मांडी, नडगी यांच्या इजा तितक्याच वाढतात. म्हणजे हिशेब जवळजवळ शून्यावर येतो.

मग गार्ड लावायचाच कशाला? तो गाडीसाठी. पार्किंगमध्ये गाडी कलंडली, वाळूवरून घसरून आडवी झाली, की इंजिनाचं आवरण, रेडिएटर, क्लचचं झाकण यांना तो वाचवतो. हजार-दीड हजार डॉलरचं नुकसान टळू शकतं, आणि रस्त्यात इंजिन ऑइल सांडून अडकून पडायची वेळ येत नाही. हा फायदा खरा आहे. पण माणूस वाचवायला हेल्मेट, चांगलं जाकीट, बूट आणि प्रशिक्षण हेच लागतं. आपल्या मिशिगनमध्ये २०१२ पासून २१ वर्षांवरच्या चालकाला ठरावीक अटी पूर्ण केल्या तर हेल्मेटची सक्ती नाही. कायद्याची नसली तरी घरातली सक्ती चालू ठेवा. एका मैलामागे हिशेब केला तर कारमधल्या माणसाच्या तुलनेत मोटरसायकलवाल्याच्या मृत्यूचं प्रमाण वीसपटीहून जास्त आहे, हे सरकारी आकडे सांगतात.

आता मुद्द्याचं. बहुतेक इंजिन गार्ड गाडीच्या चौकटीला वेगळी भोकं पाडून बसत नाहीत. ज्या बोल्टनी इंजिन चौकटीला धरलेलं असतं, त्यातलेच दोन किंवा चार बोल्ट काढायचे, गार्डचा कान मध्ये घ्यायचा, आणि किटमधले जरा लांब बोल्ट लावायचे, अशी रचना असते. म्हणजे गार्ड लावताना तुम्ही गाडीच्या हाडांना हात घालता. सुटीच्या दिवशी कंदील टांगण्यासारखं हे काम नाही. गार्ड कितीही जाड असो, पडल्यावर बसणारा सगळा दणका शेवटी त्या बोटाएवढ्या बोल्टवरच येतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

गंज कुठून येतो

आपल्याकडे कोकणात ज्यांचं घर आहे त्यांना गंज शिकवायला नको. पावसाळ्याचे चार महिने आणि खारा वारा, यात कडी-कोयंडे, बिजागऱ्या, सायकलची साखळी, काही म्हणता काही सुटत नाही. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू, हे तीन एकत्र आले की गंज. त्यात मीठ पडलं की पाणी विजेचं चांगलं वाहक होतं आणि सगळी क्रिया झपाट्याने होते.

इथे समुद्र नाही, पण मीठ आहे, आणि तेही आपण स्वतःच टाकतो! अमेरिकेत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला सर्रास मीठ वापरायचं धोरण पहिल्यांदा न्यू हॅम्पशायर राज्याने १९४१-४२ च्या हिवाळ्यात घेतलं. आज या देशात दरवर्षी सुमारे दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर पडतं. आपल्या डेट्रॉइट शहराच्या तर पोटातच, सुमारे ११०० फूट खाली, मिठाची खाण आहे. पंचमहासरोवरांपासून न्यू इंग्लंडपर्यंतच्या पट्ट्याला 'सॉल्ट बेल्ट' म्हणतात ते उगाच नाही. शिवाय आता वादळाच्या आधी रस्त्यावर खारट द्रावण फवारतात. त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड असेल तर ते हवेतली ओल ओढून घेतं आणि लवकर वाळतच नाही. मोटरसायकल जानेवारीत कुणी बाहेर काढत नाही, मान्य. पण मार्चच्या शेवटी ऊन पडलं की मुलांना राहवत नाही, आणि रस्त्यावर मिठाची पांढरी भुकटी तशीच असते.

बोल्ट का अडकतो, हे समजलं तर पुढचं सगळं सोपं जातं. गंज झालेल्या लोखंडाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट होतं, दुप्पट ते सहापट. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत हा गंज फुगतो आणि पाचर ठोकल्यासारखा बसतो. आई-बाबा इंडियाहून आले की आपण त्यांना नायगारा आणि लिबर्टीचा पुतळा दाखवतोच. त्या पुतळ्याचं उदाहरण घ्या. १८८६ साली उभारलेल्या या पुतळ्याचं बाहेरचं कातडं तांब्याचं आणि आतला सांगाडा लोखंडाचा. दोन धातू एकमेकांना भिडू नयेत म्हणून मध्ये शेलॅकमध्ये भिजवलेलं अ‍ॅस्बेस्टॉस घातलं होतं. कालांतराने ते झिजलं, ओल शिरली, आणि लोखंडाच्या पट्ट्या गंजून इतक्या फुगल्या की तांब्याच्या पत्र्यातले रिव्हेट उपटून निघाले. १९८६ च्या शताब्दीपूर्वी त्या पट्ट्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या आणि मध्ये टेफ्लॉनचा थर दिला. मोटरसायकलच्या बोल्टचं दुखणं अगदी हेच आहे.

कारण मोटरसायकलवर दोन प्रकारचा गंज भेटतो. पोलादी चौकटीतला पोलादी बोल्ट लाल गंजतो, हा आपल्या ओळखीचा. पण इंजिनाचं आवरण अ‍ॅल्युमिनियमचं आणि बोल्ट पोलादाचा असेल, तर तिथे खारट ओलीमुळे एक छोटीशी बॅटरीच तयार होते. त्यात झिजतं अ‍ॅल्युमिनियम. बोल्टच्या कडेला पांढरी, खडूसारखी भुकटी दिसली तर समजा की आत आटे धरले आहेत. हा पांढरा गंज जास्त लबाड. वरून बोल्ट चकचकीत दिसतो, आणि जोर लावला की मान मोडतो.

"काका, तीन बोल्टवर चालेल ना?"

मागच्या वसंतातली गोष्ट. ओळखीतल्या एका मुलाने दहा वर्षं जुनी गाडी घेतली होती. वडिलांचा मोटरसायकललाच विरोध, त्यामुळे घरात धुसफूस चालू. निदान गार्ड लावला तर बाबा शांत होतील, या आशेने त्याने तो मागवला. शनिवारी दुपारी मला फोन आला. चारपैकी दोन बोल्ट निघाले, तिसरा कुरकुरतोय, चौथा हलत नाही. "काका, चौथा तसाच ठेवून तीन बोल्टवर गार्ड लावला तर चालेल ना? उद्या सकाळी मित्रांबरोबर राइड आहे."

मी म्हटलं, "अरे, गार्ड नसला तरी चालेल. पण इंजिनाला धरणारे चारही बोल्ट धड हवेत. आज काढलेले परत लाव, नीट आवळ, आणि चौथ्याला हात लावू नकोस. आठवडाभराने मी येतो." तो हिरमुसला. पण त्याने ऐकलं. रविवारची राइड गार्डशिवाय झाली.

आजच्या भाषणातली मुख्य गोष्ट हीच आहे. संरक्षक भाग हा जोडलेला दागिना आहे, बोल्ट हा मूळ आहे. दागिन्यासाठी मूळ कमकुवत करायचं नाही. तीन बोल्टवर गार्ड लावला की रोजच्या थरथरीचा भार त्या तिघांवर वाढतो. आणि गाडी पडली की वेडावाकडा हिसका बसून इंजिनाचा कानच तुटू शकतो. म्हणजे इंजिन वाचवायला लावलेल्या गार्डनेच इंजिन फोडलं! नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा.

आता त्या आठवड्यात आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो. ज्यांच्या घरी हा प्रसंग येणार आहे त्यांनी हे पान कापून गॅरेजच्या भिंतीला लावायला हरकत नाही.

पहिली गोष्ट, साफसफाई. तारेच्या ब्रशने बोल्टचं डोकं आणि जिथे आटे बाहेर दिसतात ती बाजू घासायची. डोक्यातली घाण टोकदार वस्तूने उकरून काढायची, नाहीतर पाना पूर्ण आत बसत नाही.

दुसरी गोष्ट, तेल. पुण्याच्या गॅरेजात मिस्त्री रॉकेल नाहीतर डिझेल सोडून ठेवायचे. इथे पेनिट्रेटिंग ऑइल मिळतं ते आणा. घरोघरी असलेलं डब्ल्यूडी-४० मुळात १९५३ साली सॅन डिएगोत पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार केलं गेलं. त्याचा साधा निळा-पिवळा डबा अडकलेल्या बोल्टसाठी तितका प्रभावी नाही, त्यासाठीच बनवलेलं तेल वेगळं मिळतं. पण तेल कोणतंही असो, पी हळद आणि हो गोरी असं होत नाही. रोज संध्याकाळी थोडं तेल, हातोडीच्या चार-सहा हलक्या टिचक्या, आणि गुड नाइट. टिचक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत झिरपतं. असं चार-पाच दिवस. एक काळजी घ्या, ब्रेकच्या डिस्कवर तेलाचा थेंबही जाता कामा नये. डिस्क फडक्याने आणि प्लॅस्टिकने झाकून घ्या.

तिसरी गोष्ट, योग्य माप. मोटरसायकलवर बहुतेक बोल्ट मिलिमीटरचे. आपल्या टूलबॉक्समध्ये इंचाचे सॉकेट असतात. ९/१६ इंचाचा सॉकेट १४ मिलिमीटरच्या डोक्यावर बसतो, पण सैल बसतो, आणि कोपरे गोल करून टाकतो. सहा कोनांचा सॉकेट घ्या, बारा कोनांचा नको. जपानी गाड्यांवरचे चौफुलीचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे, पण पुष्कळदा जपानी मापाचे असतात, त्यांच्या डोक्यावर बारीक टिंब असतं. त्यांना जे.आय.एस.चा स्क्रूड्रायव्हर लागतो. फिलिप्स घसरतो आणि चौफुलीची वाटी करून ठेवतो.

चौथी गोष्ट, आधार. इंजिनाचा बोल्ट काढण्याआधी इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने हलका आधार द्या. आणि एका वेळी एकच बोल्ट काढा. सगळे एकदम काढले की इंजिन जरासं खाली बसतं आणि मग भोकं जुळता जुळत नाहीत.

पाचवी गोष्ट, प्रत्यक्ष फिरवणं. आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं. 'टक्' असा आवाज आला तर देवाला नमस्कार करा, गंजाची पकड सुटली. मग पाव फेरा बाहेर, थोडा आत, परत तेल. सरळ ओढून काढायला गेलात तर सुटा गंज आट्यांत गोळा होऊन पुन्हा अडकतो. आणि हात जागा ठेवा. बोल्ट फिरतोय पण च्युइंगम ओढल्यासारखा लवचीक लागतोय, असं वाटलं तर ताबडतोब थांबा. तो सुटत नाहीये, पिळला जातोय. अजून एक हिसका आणि डोकं तुमच्या हातात येईल.

सहावी गोष्ट, उष्णता. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या आवरणात बोल्ट अडकला असेल तर बोल्टभोवतीचा भाग हीट गनने तापवला की भोक सैल होतं. पण इथे खरी जोखीम आहे, म्हणून नीट ऐका. पेट्रोलची टाकी जवळ असताना उघडी ज्योत वापरायची नाही. आधी मारलेलं तेल पुसून टाकायचं. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेला तर अजिबात तापवायचं नाही. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर तापला की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो, तोच पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला होता. आणि पुष्कळांच्या गॅरेजात गॅसवर चालणारा वॉटर हीटर असतो, त्याच्या ज्योतीचंही भान ठेवा. गॅरेजचं दार उघडं हवं, मग बाहेर थंडी असली तरी.

पाच दिवसांनी त्या मुलाचा तिसरा बोल्ट सुखरूप निघाला. चौथा मात्र तुटला, सगळं नीट करूनही. असं होतं. अशा वेळी बाजारात मिळणारा स्वस्त एक्स्ट्रॅक्टर घालून पिळत बसू नका. तो कठीण पोलादाचा असतो, आत तुटला तर साध्या ड्रिलनेही निघत नाही. आम्ही गाडी ट्रेलरवर घालून वेल्डरकडे नेली. त्याने तुटलेल्या टोकावर एक नट वेल्ड केला. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सुटला, आणि साध्या पान्याने दोन मिनिटांत तो तुकडा बाहेर आला. आटे खराब झाले असते तर हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे बसवता आले असते. ते काम नीट केलं तर अ‍ॅल्युमिनियममध्ये मूळच्या आट्यांपेक्षाही मजबूत होतं. तेव्हा बोल्ट तुटला म्हणजे इंजिन गेलं असं नाही.

ट्रेलर वडिलांनी चालवला, हे सांगायचं राहिलं. आधी ते गॅरेजच्या दारात नुसते उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी टॉर्च धरायला आत आले. पाचव्या दिवशी, "अरे, मी येझदीचं इंजिन उघडलंय रस्त्यावर बसून," हे सांगून झालं. गाडीला त्यांचा विरोध आजही आहे. पण आता निदान ते टायरची हवा तपासायला सांगतात, आणि मुलगा तपासतो.

नवा बोल्ट निवडताना

जुना बोल्ट निघाला की घाईघाईने हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "दिसायला सारखा" बोल्ट आणू नका. ५/१६ इंचाचा बोल्ट आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट जाडीला जवळजवळ सारखे. एक-दोन फेरे आत जातोही. पण आट्यांचं अंतर वेगळं, त्यामुळे पुढे अडकतो आणि भोकातले आटे खातो.

बोल्टच्या डोक्यावर आकडा असतो, ८.८ किंवा १०.९ असा. ती त्याची कुंडली. ८.८ चा बोल्ट साधारण ८०० मेगापास्कल ताणापर्यंत तुटत नाही, आणि त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४० पर्यंत कायमचा ताणला जात नाही. आता पुष्कळांना वाटतं, गंजाची कटकटच नको, स्टेनलेसचे लावू. दुकानात मिळणारा स्टेनलेस बहुधा ए२-७० असतो. तो साधारण ४५० मेगापास्कललाच कायमचा ताणला जातो. म्हणजे तो गंजणार नाही, पण ताकदीला कमी. मडगार्डला, नंबर प्लेटला, झाकणांना खुशाल लावा. इंजिनाला धरणाऱ्या, ब्रेकच्या किंवा सस्पेन्शनच्या बोल्टच्या जागी मात्र कंपनीने दिलेल्या ताकदीचाच हवा. शिवाय अ‍ॅल्युमिनियममध्ये स्टेनलेस घातला तर ती मघाची बॅटरी आणखी जोरात चालते.

आटे लावण्याआधी साफ करा, त्यासाठी थ्रेड चेसर मिळतो. साधा टॅप घातला तर तो धातूच कापतो. मग अँटी-सीझची ग्रीस किंवा निळा थ्रेडलॉकर, दोन्हीपैकी एकच, आणि ते गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. थरथरीने सैल व्हायची भीती असेल तिथे निळा, तो हातातल्या पान्याने पुन्हा निघतो. लाल लावू नका, तो काढायला चांगलाच तापवावा लागतो. आणि अँटी-सीझ लावलंत तर टॉर्क कमी करायचा, कारण आटे बुळबुळीत झाले की तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. मॅन्युअलमधला आकडा बहुतेक वेळा कोरड्या आट्यांसाठी असतो.

टॉर्कवरून आठवलं. मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटर आणि आपल्या टॉर्क रेंचवर फूट-पाउंड, ही नेहमीची गफलत. २५ न्यूटन-मीटरऐवजी २५ फूट-पाउंड लावलेत तर ते ३४ न्यूटन-मीटर होतात, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. छोट्या बोल्टला तेवढं पुरतं तुटायला. गार्ड बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने लावा, गार्ड आपल्या जागी बसू द्या, आणि मग रेंचने शेवटचं आवळा. आवळून झालं की बोल्टच्या डोक्यापासून चौकटीपर्यंत पेंटची एक बारीक रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला. पहिल्या शंभरेक मैलांनंतर एकदा तपासा. एवढं केलंत की झालं.

वर्षातून एक दिवस

शेवटी जरा गंभीर बोलतो. ओहायो नदीवर वेस्ट व्हर्जिनियातल्या पॉइंट प्लेझंट गावाजवळ १९२८ साली बांधलेला सिल्व्हर ब्रिज होता. १५ डिसेंबर १९६७ रोजी संध्याकाळच्या गर्दीत तो पूर्ण कोसळला. ४६ माणसं गेली. पुलाला तोलून धरणाऱ्या साखळीच्या एका पट्टीत, भोकाच्या आतल्या बाजूला, जेमतेम एक-दशांश इंच खोल तडा होता. गंज आणि ताण यांनी मिळून तो चाळीस वर्षं वाढवला. पुलावरून जाणाऱ्या कुणाला तो दिसणं शक्य नव्हतं. त्या दुर्घटनेनंतर या देशात पुलांच्या नियमित तपासणीचे राष्ट्रीय नियम झाले, ते १९७१ मध्ये लागू झाले. तपासणीचा दिवस आधी ठरलेला असला की ती होते. "बघू कधीतरी" म्हटलं की होत नाही.

आपल्याकडे तर असा दिवस शेकडो वर्षं ठरलेलाच आहे. खंडेनवमी! शेतकरी नांगर-कुळव, सुतार करवत-रंधा, कारखान्यातला कामगार आपलं मशीन धुऊन-पुसून त्याची पूजा करतो. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार आपण इथेही घालतो. मग त्याच आठवड्यात अर्धा तास आणखी द्या. हवामानही जुळतं, ऑक्टोबर म्हणजे इथे मीठ पडायच्या आधीचा शेवटचा कोरडा काळ. गाडी साध्या गार पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या. बोल्टवरच्या रेघा बघा. पांढरी भुकटी किंवा लाल डाग दिसतोय का ते बघा. उघड्या बोल्टच्या डोक्यांवर गंजरोधक फवारा, पण ब्रेक आणि टायर सोडून. आणि जो बोल्ट कुरकुरतोय तो आत्ताच काढून, साफ करून पुन्हा लावा. एप्रिलमध्ये तो दुप्पट भांडेल. हिवाळ्यात गाडी झाकायची तर हवा खेळेल असं कापडी कव्हर घाला. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते.

मुलांना हाताशी घ्या. नुसतं "गाडी घेऊ नकोस" म्हणून मुलं थांबत नाहीत, आपण तरी कुठे थांबलो होतो? पण जो मुलगा, जी मुलगी आपल्या हाताने इंजिनाचा बोल्ट काढते, साफ करते, मोजून आवळते आणि रेघ मारते, तिला ती गाडी कशावर उभी आहे हे कळतं. ती रस्त्यावरही थोडी सांभाळून चालवते, असा माझा अनुभव आहे. दोन भाषांतलं शहाणपणही तिला मिळतं. 'आटे', 'पाना', 'पकड', 'वायसर' हे शब्द शनिवारच्या मराठी शाळेत सहसा कानावर पडत नाहीत, ते गॅरेजातच शिकवावे लागतात.

आपल्या घाटरस्त्यांवर पाटी असते, "अति घाई संकटात नेई". ती गाडी चालवणाऱ्यांसाठी लिहिलेली आहे. पण पाना हातात घेणाऱ्यांसाठीही ती तितकीच खरी आहे. बोल्ट अडकला, उद्या राइड आहे, मित्र वाट बघतायत, अशा वेळी पाना खाली ठेवा, तेल सोडा, आणि घरात जाऊन चहा घ्या. राइड पुढच्या रविवारीही होईल.

ज्यांचे बोल्ट सध्या अडकलेले आहेत त्यांनी जेवणानंतर मला भेटावं. डोकं गोल झालेला बोल्ट खिशात घेऊन आलात तरी चालेल, आजच्या सभेत मीच तो ओळखीन!

आपणा सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. सांभाळून चालवा.